एस संपेपर्यंत

केंब्रिज, ९ ऑक्टोबर १५९०

सडबरीच्या नदीकाठची स्वामिनी, धैर्यधुरंधर श्रीमती थॉमसिन रूडक यांच्या सेवेसी,

आपले पत्र पेक गाडीवानाने परवा आमच्या महाविद्यालयाच्या दाराशी आणून टाकले. टाकले हेच क्रियापद यथार्थ आहे. तो मनुष्य पत्र देत नाही, विसर्जित करतो. पत्र वाचून मी प्रथम खिडकी लावली, नंतर खुर्चीत बसलो आणि मग ते पुन्हा वाचले. सडबरीच्या शाळेचे वृद्ध मास्तर नाताळानंतर निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी लॅटिन जाणणारा मनुष्य हवा आहे. जागेबरोबर राहायला घर आहे. आणि नगरपंचांच्या कानी आपण माझे नाव घातले आहे. अशा चार वाक्यांत आपण माझी सगळी कारणे केरासारखी उंबरठ्याबाहेर लोटलीत. स्त्रियांना गद्य लिहिता येत नाही, असे आमच्या भोजनगृहात एक प्रस्थापित मत आहे. ते मी उद्याच्या जेवणात खोडून काढीन.

वस्तुस्थिती आपणांस अवगत आहेच; तथापि अवगत गोष्ट पुन्हा सांगितल्यावाचून विद्वानाच्या घशाखाली घास उतरत नाही. महाविद्यालयाच्या फेलोने, म्हणजे तेथेच राहून अध्ययन करणाऱ्या अविवाहित विद्वानाने, विवाह केला की त्याच दिवशी त्याची खोली, भोजनगृहातले ताट आणि ग्रंथालयाची किल्ली ही तिन्ही सुटतात. ग्रंथालय सुटले की माझा लॅटिन-इंग्रजी कोश सुटला. कारण ज्या ग्रंथांवाचून मला एक ओळही लिहिता येत नाही, ते तेथे मेजांना साखळ्यांनी बांधलेले आहेत आणि माझ्यासारखेच बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून आपल्या दोघांत ठरले, की आधी कोश, मग विवाह. त्या समयी मी 'सी' या अक्षरावर होतो, माझे केस काळे होते, आणि आपल्या दिवंगत पतीच्या निधनास वर्ष उलटले होते. आज मी 'एस' या अक्षरावर आहे. केसांविषयी मौन श्रेयस्कर.

एसविषयी मात्र बोलले पाहिजे. रोमन लोकांना काहीच सुचत नसे तेव्हा ते 'स' म्हणून सुरुवात करीत आणि पुढे काय होते ते पाहत असावेत, एवढी या अक्षराची प्रजा आहे. शिवाय यातील अर्धे मासे आहेत. प्राचीन ग्रंथकार माशाचे नाव लिहितो आणि तो कसा दिसतो ते सांगायचे विसरतो. मग कोशकार लिहितो, 'एक प्रकारचा मासा'. हे तीन शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत, की हात आता मला न विचारता लिहितो. पण एस ओलांडला की पुढे उतार आहे. टी लहान, यू-व्ही मिळून एक, आणि झेडमध्ये तर चिटपाखरू नाही.

सबब प्रार्थना एवढीच, की नगरपंचांना लेडी डेपर्यंत, अर्थात मार्चच्या पंचवीस तारखेपर्यंत, थोपवून धरावे. तोपर्यंत एस संपेल. उरलेली लहान अक्षरे मी सडबरीस येऊन, आपल्या स्वयंपाकघरातल्या मेजावर, साखळीवाचून लिहीन.

सप्टेंबरात स्टर्ब्रिजच्या जत्रेत गेलो होतो. लोकरीची एक रात्रटोपी घेऊन परतलो. अन्य वार्ता नाही.

आपला, एसच्या चिखलात कंबरेपर्यंत रुतलेला,
ॲम्ब्रोस थर्कल


सडबरी, ३ नोव्हेंबर

मास्टर थर्कल यांस थॉमसिनचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. 'धैर्यधुरंधर' हा शब्द मी आमच्या कारकुनाकडून वाचून घेतला. तो हसला आणि मग खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला.

तुमच्या सांगण्यावरून मी पंचांना थोपवले. थोपवले म्हणजे काय, ते सांगते. मास्टर ब्लोफील्ड, जे पंचांचे प्रमुख आहेत आणि ज्यांचे सारे कापड माझ्याच रंगाच्या हौदातून निळे होऊन जाते, ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चीज खाल्ले, पाव खाल्ला, बिअर प्याले आणि मग म्हणाले, "बाई, हा तुमचा पंडित येणार आहे की त्यालाही कोशातच शोधायचा?"

मी सांगितले, लेडी डेला येतील.

"मागच्या महापौराच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होता."

तेव्हा ते एमवर होते, मी म्हटले.

त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते मला वेडी समजतात की तुम्हाला, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळले नाही, बहुधा दोघांना. शेवटी ठरले ते असे: लेडी डेपर्यंत आमचे उपधर्मगुरू मुलांना सांभाळतील. त्या दिवशी दुपारच्या घंटेपर्यंत तुम्ही नगरगृहात येऊन होकार दिला तर जागा तुमची. नाहीतर नॉरिचचा एक तरुण आहे, त्याला पत्र जाईल. ब्लोफील्ड हे माझ्या शब्दावर करतात. माझा शब्द या गावात अजून चालतो, तो किती वेळा वापरावा हे मला कळते.

यंदाची नीळ बरी उतरली नाही. स्पेनच्या युद्धामुळे लंडनचे व्यापारी कापडाला हात लावत नाहीत, पण हौद थंड होऊ दिला तर त्यातला आंबवलेला रंग मरतो, म्हणून गिऱ्हाईक असो नसो त्याच्याखाली आग ठेवावी लागते. नदीचे पाणी आता असे गार आहे की धुणाऱ्या बायका गाणी म्हणायच्या थांबल्या. माझे हात मनगटापर्यंत निळे आहेत, ते आता चर्चला जातानाही निघत नाहीत. मी दमले आहे. हेच तुम्हाला लिहायचे असते तर तुम्हाला अर्धे पान लागले असते.

लेडी डे लेंटच्या उपवासात येतो, तेव्हा लग्न ईस्टरनंतरच होईल. त्याची काळजी नको. तुम्ही फक्त या.

थॉमसिन रूडक


केंब्रिज, १० डिसेंबर

कृपासिंधू थॉमसिनबाई यांस,

आपल्या पत्राने मी कृतकृत्य, लज्जित व किंचित भुकेला झालो. मास्टर ब्लोफील्ड यांच्या चीजसेवनाचे वर्णन वाचले तेव्हा आमच्या ताटात खारवलेला कोणतासा मासा होता, जो एक प्रकारचा मासा आहे यावाचून त्याविषयी काहीही म्हणवत नाही.

कार्य मंदगतीने परंतु गांभीर्याने पुढे सरकत आहे. सध्या मी 'स्टो' या धातूपाशी आहे. या क्षुद्र, रोमन लिपीत तीन अक्षरी प्राण्याचा अर्थ 'उभे राहणे'. येथवर बालकालाही कळेल. परंतु रोमन मनुष्य उभा राहिला की लगेच थांबतो, तिष्ठतो, टिकतो, अडतो, ठाम राहतो, किमतीत पडतो आणि कोणाच्या तरी बाजूने असतो. हे सारे अर्थ क्रमाने मांडायचे, प्रत्येकास आधार शोधायचा, आधाराचा ग्रंथ ज्या मेजाला बांधला आहे तेथे उभे राहून तो वाचायचा. मी तीन आठवडे 'उभे राहणे' उभ्याने लिहीत आहे. बोटांना थंडीने भेगा पडल्या आहेत. ग्रंथालयात ग्रंथांच्या रक्षणार्थ अग्नीस मज्जाव आहे. फेलोंच्या रक्षणाविषयी नियमावली मूक आहे.

आमच्या येथील तरुण फेलो डॉसन काल माझ्या खोलीत आला. हवापाण्याचे दोन शब्द बोलला आणि बोलता बोलता खिडकीची रुंदी वितीने मोजू लागला. मी म्हटले, मी अजून येथे आहे.

"हो हो," तो म्हणाला, "काही घाई नाही."

अत्यंत सुशील मुलगा आहे. पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत असे त्याने मला विचारले, तेव्हा मी निळे सुचवले. गिऱ्हाईक मिळाले तर दलाली मागणार नाही.

संध्याकाळी घंटा होते, आम्ही ओळीने जेवायला बसतो, मी तेच ताट पाहतो, माझ्या डावीकडचा तोच मनुष्य तीच तक्रार करतो. त्यानंतर खोलीत येऊन मी एसचे कागद चाळतो. कधी कधी वाटते की मी शब्दांचे अर्थ लिहीत नसून शब्दांना अर्थाचा कंटाळा येईपर्यंत त्यांच्याशेजारी बसतो आहे. परंतु हे वाक्य आपण वाचले नाही असे समजावे.

नाताळच्या शुभेच्छा. हातांना मेंढीची चरबी लावावी.

आपला चिरतिष्ठित,
ॲम्ब्रोस थर्कल


सडबरी, ८ जानेवारी

मास्टर थर्कल यांस,

नाताळ झाला. कामगारांना जेवण दिले, सगळे खाऊन भांडले, भांडून झोपले.

एक विचारायचे आहे. आमच्या पंचांच्या मनात सध्या शाळेच्या ग्रंथांचा विषय आहे. तुम्ही पुस्तकांच्या माणसांत वावरता, म्हणून विचारते: तुमच्या धंद्यात अलीकडे काही नवे निघाले आहे काय? लंडनहून, किंवा कुठूनही? जे खरे असेल ते लिहा.

हातांना चरबी लावली. मांजर मागे लागते.

थॉमसिन


केंब्रिज, २० जानेवारी

विद्यानुरागिणी थॉमसिनबाई,

सडबरीच्या नगरपंचांच्या मनात ग्रंथ आला, हे वाचून मला गहिवरून आले. पूर्वी त्यांच्या मनात फक्त कापड येत असे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर संक्षिप्त आहे: नवे काही नाही. लंडनचे मुद्रक सांप्रत पंचांगे आणि प्रवचने छापतात, कारण पहिली वर्षाअखेर शिळी होतात आणि दुसरी शिळीच जन्मतात. दोहोंचाही खप निश्चित. पंचांनी घाई न करता थोडे थांबावे. वर्ष-दोन वर्षांत एक बरा कोश बाजारात येण्याचा संभव आहे. कर्ता माझ्या परिचयाचा आहे. सुस्त परंतु प्रामाणिक मनुष्य.

एसचा शेवट दिसू लागला आहे, परंतु दिसणे आणि पोहोचणे यांत अंतर असते. लेडी डेच्या ऐवजी पंचांना सेंट जॉनचा सण, म्हणजे जूनचा शेवट, चालणार नाही काय? पाऊस थांबलेला असेल, रस्ते कोरडे असतील. मी सहज विचारले.

आपला,
ॲम्ब्रोस थर्कल


सडबरी, ६ फेब्रुवारी

मास्टर थर्कल,

शाळेत लॅटिन-इंग्रजी कोश आला आहे. जाड आहे, वासराच्या कातड्याची बांधणी आहे. लंडनच्या गिल्बर्ट पास्को नावाच्या शिक्षकाने केला आहे आणि एपासून झेडपर्यंत पुरा आहे. गेल्या उन्हाळ्यात छापला, असे पहिल्या पानावर आहे. शाळेच्या नियमाप्रमाणे तो मेजाला बांधायचा होता, म्हणून ब्लोफील्डनी माझ्याकडे हौदाच्या झाकणाची जुनी साखळी मागितली. मी दिली. लोहाराने ती ठोकली तेव्हा मी तिथे उभी होते. हे झाले एपिफनीच्या सणाला, सहा जानेवारीला, म्हणजे मी तुम्हाला प्रश्न विचारला त्याच्या आधी.

मला लॅटिन येत नाही. पण अक्षरे येतात, म्हणून मी तुमचा 'स्टो' शोधला. पास्कोने तो पाऊण पानात आटोपला आहे. उभे राहणे, थांबणे, तिष्ठणे, टिकणे, किमतीत पडणे, सगळे आहे. उपधर्मगुरू शेजारी होते. ते म्हणाले, फार सुबक केले आहे. मी म्हटले, हो.

मग मी घरी आले आणि तुम्हाला विचारले. तुम्ही लिहिले, नवे काही नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, असे मी एक दिवस स्वतःला समजावून पाहिले. पण केंब्रिजच्या माणसाला जे ठाऊक नाही ते सडबरीच्या रंगारणीला ठाऊक झाले, हे मलाच पटेना. आणि मग जूनची गोष्ट आली. कोश दुसऱ्याने पुरा केला, तरी तुम्हाला आणखी मुदत हवी. म्हणजे तुम्ही कोशासाठी थांबला नव्हता. कोश तुमच्यासाठी थांबला होता, दाराला आडवा लावलेल्या ओंडक्यासारखा.

मी रागावलेली नाही. रागाला ताकद लागते. आणि प्रामाणिकपणाचे बोलायचे तर माझ्याही घरात एक ओंडका आहे, तोही सांगते. विधवा म्हणून हा कारखाना माझा आहे. हौद माझे, माणसे माझी, व्यापाऱ्यांच्या कागदावर सही माझी. ज्या दिवशी मी लग्न करीन, त्या दिवशी कायद्याने हे सगळे तुमचे. तुम्ही वाईट माणूस नाही. पण तुम्हाला निळीचा पाला आणि पालक यांतला फरक सांगता येणार नाही, आणि तरी कामगार तुम्हाला 'मालक' म्हणतील आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहतील. तुम्ही 'एफ'वरून 'जी'वर गेलात, 'जी'वरून 'एल'वर गेलात, तेव्हा दर वेळी मला वाईट वाटले आणि दर वेळी थोडे बरेही वाटले. तेवढ्यासाठीच मी इतकी वर्षे तुमच्या अक्षरांना हसत राहिले. दुसऱ्या कुणी बाईने तुम्हाला आयमध्येच सोडले असते.

पण मी तुम्हाला खोटे कधी सांगितले नाही. आता एकच विचारते, आणि या वेळी त्याला मोठे शब्द नकोत. तुम्ही कशासाठी थांबला आहात?

थॉमसिन रूडक


केंब्रिज, ९ मार्च

थॉमसिनबाई,

आपले पत्र येऊन महिना झाला. उत्तराचे पाच मसुदे केले. पहिल्या चारांत आरंभी आपणांस दिलेल्या उपाधीच अर्धे पान होत्या, तेव्हा ते शेकोटीत घातले.

पास्कोचा कोश मी सप्टेंबरात स्टर्ब्रिजच्या जत्रेत पाहिला. रात्रटोपी शेजारच्या दुकानातली. ग्रंथ उघडला तो 'ए'पाशी, कारण तेथे पास्को आणि मी समान असणार अशी आशा होती. मग एमपाशी, मग एसपाशी. विक्रेता म्हणाला, "घेता का नुसते वाचता?" मी विकत घेतला, खोलीत आणला आणि पलंगाखाली ठेवला. त्याच आठवड्यात माझ्या मुद्रकाने माझे सर्व कागद परत केले, सोबत एक अतिशय सभ्य चिठ्ठी. तो माझा कोश आता छापणार नाही. कोणीही छापणार नाही. म्हणजे आपणांस शाळेविषयी पहिले उत्तर लिहिले, तेव्हाच एस संपला होता. त्यानंतर मी जे उभ्याने लिहीत राहिलो ते कोणासाठीच नव्हते. हात थांबत नव्हता, आणि तो थांबला असता तर मला त्याच्याकडे पाहावे लागले असते.

पास्कोचा कोश माझ्या कोशाहून चांगला आहे. हे वाक्य मसुद्यांत पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी आले.

आपला प्रश्न: कशासाठी थांबलो. येथे मी 'कोशवाला थर्कल' आहे. द्वारपालापासून डॉसनपर्यंत सर्वांना माझे स्थान ठाऊक आहे: वरून चौथी खुर्ची आणि एस. पहाटे घंटा होते, ती मला उठवते. जेवणाची होते, ती मला बसवते. घंटेवाचून मी उठेन की नाही, हे मला ज्ञात नाही. सडबरीत मी कोण असणार? रंगारणीचा नवरा, ज्याने काहीतरी पुरे करायचे होते. या भीतीला लॅटिनमध्ये भारदस्त नाव आहे आणि ते एसमध्ये येत नाही, म्हणून आजवर लिहिले नाही.

मी सोमवारी आमच्या अध्यक्षांना भेटलो आणि फेलोपद सोडतो म्हणून सांगितले. ते वृद्ध आहेत, पाय गरम पाण्यात घालून बसले होते. त्यांनी मला पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "थर्कल, तुमच्या वयात माणसं मरतात, लग्न करत नाहीत."

मी म्हटले, दोन्ही राहून गेले आहे, त्यातले एक आता करावे म्हणतो.

ते म्हणाले, लेडी डेला लेखी द्या, तोपर्यंत विचार करा. तोंडी शब्द मी ऐकलाच नाही असे समजतो. त्यांच्या खोलीबाहेर डॉसन उभा होता. तो इतका दुःखी दिसला की मला त्याची दया आली.

तेव्हा असे ठरवतो. लेडी डेला दुपारच्या घंटेआधी मी सडबरीच्या नगरगृहात असेन. शाळा घेईन. पास्कोच्या ग्रंथावरून मुलांना शिकवीन, रोज तो उघडीन आणि तो चांगला आहे असे त्यांना सांगीन. कारखान्याविषयी: विवाहापूर्वी वकिलाकडून लेख करून तो आपल्या दोन विश्वासू माणसांच्या नावे केला, की तो आपलाच राहतो आणि नवऱ्याला त्याला हात लावता येत नाही. आमच्या येथील कायद्याच्या पंडिताला विचारले. तो म्हणाला, श्रीमंतांच्या मुलींसाठी हे नित्य करतात. मसुदा सोबत आहे. सही केली आहे. नीळ आणि पालक यांतला फरक शिकेन, पण मालक म्हणून नव्हे.

ॲम्ब्रोस थर्कल


सडबरी, १६ मार्च

मास्टर थर्कल,

मसुदा वाचला. दोन ठिकाणी वकिलाने बदल केला, बाकी ठीक आहे. तुम्ही प्रथमच एक गोष्ट पुरी करून पाठवलीत.

आता माझे ऐका. शाळा गेली. नॉरिचचा तरुण कँडलमासच्या सणानंतर, फेब्रुवारीच्या आरंभीच, येऊन राहिला आहे. 'नवे काही नाही' हे तुमचे पत्र आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ब्लोफील्डकडे गेले आणि सांगितले की माझ्या शब्दावर आता थांबू नका. ते म्हणाले, "बरं झालं बाई, सुटलात." त्यानंतर मी तुम्हाला ते मोठे पत्र लिहिले आणि त्यात शाळा गेल्याचे लिहिले नाही. तुम्ही माझ्यापासून सहा महिने लपवलेत, मी सहा आठवडे. हिशेब बरोबरीचा नाही, पण मलाही अभिमान वाटावा असे त्यात काही नाही.

का लपवले, तेही सांगते. शाळेसाठी याल, घरासाठी याल, लेडी डेची घंटा वाजेल म्हणून याल, ते मला नको होते. कारण नसताना येता का, ते पाहायचे होते. मग तुमचे पत्र आले आणि मला लाज वाटली, कारण तुम्ही तुमची खुर्ची सोडायला निघालात आणि मी तुमच्या पायाखालची दुसरी आधीच काढून घेतली आहे.

म्हणून आता मोकळेपणाने सांगते. अध्यक्षांनी तुमचा तोंडी शब्द ऐकलेला नाही. लेखी दिले नाही तर तुमची खोली, ताट, चौथी खुर्ची सगळे तसेच आहे. डॉसन पडदे परत करील. इथे आलात तर जागा नाही, पगार नाही, गावात नाव नाही. ब्लोफील्ड हसतील. कामगार तुम्हाला काय म्हणावे हे ठरवायला वेळ घेतील. सकाळी घंटा नाही, हौद ढवळायचा आवाज असतो. वास पहिले वर्षभर सहन होत नाही. मी बोलायला गोड नाही आणि संध्याकाळी जेवताना डुलक्या घेते. बारा वर्षांपूर्वी जी बाई तुम्हाला देऊ केली होती ती आता उरलेली नाही. हीच आहे.

या म्हणत नाही. येऊ नका म्हणत नाही. तुम्ही ठरवा, आणि काही ठरवलेत तरी मी तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

थॉमसिन


केंब्रिज, २३ मार्च, सकाळी

थॉमसिन,

हे पत्र आमच्या स्वयंपाक्याचा भाऊ घोड्यावरून घेऊन येतो आहे, तेव्हा ते माझ्या आधी पोहोचेल.

अध्यक्षांना काल लेखी दिले. त्यांनी वाचले, सही केली, शाई सुकवायला वाळू टाकली, झटकली आणि म्हणाले, "कारण लिहिलं नाहीत." मी म्हटले, कारण उरले नाही. ते म्हणाले, मग जाताच कशाला? मी म्हटले, ते मलाही नीटसे सांगता येत नाही, आणि अर्थ सांगणे हा माझा व्यवसाय आहे, एवढ्यावरून आपण काय ते समजावे. त्यांनी हात पुढे केला. त्यांचे पाय अजून पाण्यातच होते.

एपासून एसपर्यंतचे सर्व कागद लंडनला पास्कोकडे पाठवले. सोबत लिहिले, की दुसऱ्या आवृत्तीत यातले जे उपयोगी पडेल ते घ्यावे, नाव घालायची गरज नाही, आणि त्यांचा 'स्टो' वाचून मला हेवा वाटला. हेवा हा शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा राहू दिला. खोलीची किल्ली डॉसनला दिली. तो म्हणाला, पुस्तके नंतर नेलीत तरी चालेल. नेण्यासारखी पुस्तके त्याच्या लक्षात येतील इतकीही नव्हती.

मला भीती वाटते. ती कालच्यापेक्षा कमी नाही. आज सकाळी घंटा झाली आणि मी पायऱ्या उतरून भोजनगृहाच्या दारापर्यंत गेलो, सवयीने. डावीकडचा मनुष्य आपल्या जागेवर बसला होता आणि तक्रार करीत होता. ऐकायला कोणी नव्हते, पण त्याने तेवढ्यासाठी थांबवली नव्हती. मी दारातून परत फिरलो. मी गेलो हे त्याच्या संध्याकाळपर्यंत लक्षात येईल असे वाटत नाही.

तू लिहिलेस, हीच आहे. मी पण हाच आहे, आणि यात मालाची फसवणूक जास्त माझ्याकडून आहे. निळीचा वास सहन होईल. डुलक्या घेशील तेव्हा मी गप्प बसेन. मला गप्प बसवण्याचा आजवर कोणी प्रयत्नच केला नाही, त्यामुळे मी त्यात किती पारंगत आहे ते मलाही ठाऊक नाही.

पेक आज निघतो आणि उद्या संध्याकाळी सडबरीत पोहोचतो. त्याची गाडी भरलेली आहे, माणसे घेत नाही म्हणाला. मी फार आर्जव केले. शेवटी त्याने विचारले, वजन किती? आणि मला मालाच्या भाड्याने चढवून घेतले. त्याने मला दोन पिंपांच्या मध्ये, गवतावर बसवले आहे. लिन बंदरातून आलेली तुरटी आहे त्यांत, झाकणांवर तुझ्या कारखान्याचे नाव रंगवले आहे.

उद्या पिंपे उतरवून घेशील तेव्हा मोजशील. मागवल्यापेक्षा एक नग जास्त भरेल. तो परत पाठवू नकोस.

ॲम्ब्रोस